डॉ. महबूब उल हक : पैशाआधी माणूस मोजणारा अर्थतज्ज्ञ

महाराष्ट्राच्या मागास तालुक्यांत एक निळी एसटी धावते. सकाळी वाड्या-पाड्यांवरच्या मुलींना हायस्कुलात नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, एवढंच तिचं काम. मुलींना तिकीट लागत नाही. बसच्या अंगावर मानव विकास हे शब्द रंगवलेले असतात. आता विकास म्हटलं की आपल्याकडे रस्ता, पूल, कारखाना, फार तर मॉल. त्यात हा मानव कुठून आला? आठवीतल्या पोरीला शाळेपर्यंत पोचवणं हाही विकासच, हे सरकारी कागदावर लिहायला कुणी भाग पाडलं?

हे शोधत मागे मागे गेलं की आपण १९९० सालात पोचतो, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या कचेरीत. तिथे एक माणूस हट्टाला पेटला होता. देशाची श्रीमंती पैशात मोजता ना, मग माणसं किती जगतात, किती शिकतात हेही त्याच ऐटीत, एका आकड्यात मोजून दाखवतो, असा त्याचा हट्ट. त्या माणसाचं नाव डॉ. महबूब उल हक. मानव विकास निर्देशांक म्हणून आज जगभर जो आकडा वापरला जातो तो त्यांनी उभा केला. १६ जुलै १९९८ रोजी त्यांचा इंतेकाल झाला. आपल्या घरांत सर सय्यद माहीत असतात, मौलाना आझाद माहीत असतात, अलीकडे अब्दुल कलाम. महबूब साहेबांचं नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि तिथेच राहतं. आम्हाला ही ओळ फार तोकडी वाटते. विशेषतः शहापूर आणि मुरबाड डोळ्यांसमोर असताना.

कारण असं, की महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात ठाणे जिल्हा राज्यात तिसरा आहे. पहिली मुंबई, दुसरं पुणे, तिसरं ठाणे. ठाण्याचा निर्देशांक ०.८००, तर शेवटच्या नंदुरबारचा ०.६०४. म्हणजे कागदावर बघितलं तर शहापूरचा माणूस राज्यातल्या सर्वात सुखी जिल्ह्यांपैकी एकात राहतो. हे शहापूरच्या माणसाला सांगून बघा! महबूब साहेबांची सगळी हयात नेमकी याच प्रश्नाशी झुंजण्यात गेली, की चांगल्या आकड्याच्या आड वाईट जगणं कसं लपतं.

एकाच साली जन्मलेले दोघे

महबूब उल हक यांचा जन्म १९३४ चा. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आजची पद्धतही त्याच साली जगासमोर आली. सायमन कुझ्नेट्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने जानेवारी १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला आपला अहवाल दिला. मंदीत देशाचं उत्पन्न किती घसरलं याचा तो पहिला धड हिशेब. त्याच अहवालात कुझ्नेट्सनी बजावलं होतं, की या आकड्यावरून देशातले लोक सुखात आहेत की नाही हे ठरवू नका. पण पुढे हा इशारा सगळे विसरले आणि आकडा तेवढा उरला. जीडीपी वाढला की देश पुढे गेला, घटला की मागे पडला. टीव्हीवर आजही हेच चालतं.

या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही, हे समजायला पुस्तक लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात शहापूरच्या डोळखांब, कसारा भागात किंवा मुरबाडच्या टोकावडे पट्ट्यात जाऊन यावं. विहिरीने तळ गाठलेला असतो. बाई डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन डोंगर चढते-उतरते, दिवसातले कितीतरी तास त्यात जातात. ह्या मेहनतीचा एक रुपयाही प्रत्यक्षात कुठल्या वहीत चढत नाही. पण विहीर पूर्ण आटली आणि टँकर लावावा लागला, की डिझेल आलं, ड्रायव्हरचा पगार आला, ठेकेदाराचं बिल आलं. हे सगळं जीडीपीत जमा. घाणेरडं पाणी पिऊन मूल आजारी पडलं, डॉक्टरची फी आणि सलाईनचे पैसे झाले, तेही जमा. म्हणजे टंचाई वाढली तर हिशेबात भरच पडते. हा काही कुणाचा लबाडपणा नाही. आकड्याची बनावटच तशी आहे. पैसा हलला की तो मोजतो, माणसाचं काय झालं हे विचारत नाही.

महबूब मात्र लहानपणी या आकड्याच्या शाळेत अजून पोचले नव्हते. १९४७ ला ते तेरा वर्षांचे होते. फाळणीच्या रक्तपातातून वाचून कुटुंब लाहोरला गेलं. तिथल्या गव्हर्नमेंट कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं, हुशार म्हणून पुढे केंब्रिजला गेले. १९५३ च्या ऑक्टोबरात पहिल्याच दिवसांत, लेक्चरला जायच्या घाईत, रस्त्यात त्यांची गाठ एका बंगाली पोराशी पडली. तो ढाक्यात-शांतिनिकेतनात वाढलेला, हे जम्मू-लाहोरकडचे. त्या पोराचं नाव अमर्त्य सेन. फाळणीला जेमतेम सहा वर्षं उलटलेली असताना एक हिंदुस्थानी आणि एक पाकिस्तानी अशी ही दोस्ती जमली आणि पंचेचाळीस वर्षं टिकली. निर्देशांकाची गोष्ट ह्या दोस्तीशिवाय सांगताच येत नाही.

बावीस घराणी

अमेरिकेत येल विद्यापीठातून डॉक्टरेट करून १९५७ मध्ये महबूब परतले आणि पाकिस्तानच्या नियोजन आयोगात लागले. वय तेवीस-चोवीस. पुढे जनरल अयूब खान यांच्या काळात ते आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. त्या वेळी त्यांचं मत काय होतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढच्या महबूब साहेबांना बघून ते पटत नाही. आधी उत्पादन वाढू द्या, वाटपाचं नंतर बघू. काही लोक श्रीमंत झाले तर हरकत नाही, तेच पैसा परत धंद्यात घालतील आणि देश वर येईल. १९६३ मध्ये त्यांनी नियोजनावर पुस्तक लिहिलं त्यातला सूर हाच. आज आपल्याकडे किती जण अगदी हेच बोलतात!

आकडेही साथ देत होते. साठच्या दशकात पाकिस्तानचा वाढीचा वेग वर्षाला सहा टक्क्यांच्या वर होता. बाहेरचे तज्ज्ञ येऊन पाठ थोपटत. १९६८ मध्ये अयूब खान यांच्या सरकारने विकासाचं दशक म्हणून मोठा सोहळा मांडला. आणि त्याच वर्षी, सरकारच्याच ह्या मुख्य अर्थतज्ज्ञाने कराचीत एका भाषणात हिशेब मांडला की देशातल्या उद्योगांचा दोन तृतीयांश हिस्सा फक्त बावीस घराण्यांच्या हातात आहे. बँका आणि विमा कंपन्यांत तर त्यांचा वाटा त्याहून जास्त. सोहळ्यातली हवाच गेली. बावीस घराणी हा शब्द रस्त्यावर आला, विद्यार्थ्यांनी, कामगारांनी तो घोषणेत घेतला, आणि मार्च १९६९ मध्ये अयूब खान पायउतार झाले. एका भाषणाने सरकार पडलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण लोकांना आतून जे जाणवत होतं त्याला आकडा मिळाला, हे खरं.

पण बावीस घराण्यांपेक्षाही मोठी गोष्ट त्या सरासरीत दडली होती, पूर्व पाकिस्तान. तागाच्या निर्यातीतून परकीय चलन मिळे ते मुख्यतः पूर्वेचं, आणि कारखाने, राजधानी, लष्कर सगळं पश्चिमेला. देशाची सरासरी वाढत होती आणि दोन भागांतली दरीही वाढत होती. महबूब साहेबांच्या पत्नी खदीजा स्वतः बंगाली, पूर्वेकडच्या, आणि अर्थतज्ज्ञ. म्हणजे ही दरी त्यांच्या घरातच जेवायला बसत होती म्हणा ना. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. त्याची कारणं अर्थातच अनेक आहेत, भाषेची आहेत, निवडणुकीची आहेत, अत्याचाराची आहेत. पण सरासरीवर विसंबून राहिलेल्या देशाला ती सरासरी काय सांगत नव्हती, हे त्या दिवशी कळलं.

आपली जुनी भूमिका चुकली हे महबूब साहेबांनी उघडपणे कबूल केलं आणि उरलेलं आयुष्य तिच्या उलट दिशेने घालवलं. मोठ्या पदावरच्या माणसाने चारचौघांत असं वळण घेणं सोपं नसतं. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली हीच जागा निर्देशांकाहून मोठी वाटते.

जागतिक बँक आणि परतीची वाट

१९७० मध्ये ते जागतिक बँकेत गेले. रॉबर्ट मॅकनामारा तेव्हा अध्यक्ष होते. बँक तोवर धरणं, वीज, रस्ते यांना कर्ज देणारी संस्था. महबूब साहेबांनी तिथे बारा वर्षं एकच धोशा लावला, की अन्न, पाणी, दवाखाना, शाळा ह्या गरजा आधी. १९७३ मध्ये नैरोबीच्या बैठकीत मॅकनामारांनी ग्रामीण गरिबीवर जे गाजलेलं भाषण केलं त्यामागचा विचार बराचसा त्यांचा. १९७६ मध्ये द पॉव्हर्टी कर्टन हे पुस्तक आलं.

१९८२ मध्ये ते पाकिस्तानात परतले आणि झिया उल हक यांच्या राजवटीत नियोजनमंत्री, पुढे अर्थमंत्री झाले. लष्करशहाच्या मंत्रिमंडळात हा माणूस काय करत होता, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारावा. सत्तेच्या जवळ राहून गरिबांसाठी काही पदरात पाडून घेता येईल, असा त्यांचा हिशेब असावा. तो फारसा जमला नाही. तोफा आणि रणगाड्यांचा खर्च कायम शाळांच्या पुढे राहिला. ह्या काळावर आम्ही जास्त रेंगाळत नाही.

तीन गोष्टी, एक आकडा

१९८९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख विल्यम ड्रेपर यांचे सल्लागार म्हणून. अट एवढीच होती, की दर वर्षी एक अहवाल काढू, आणि त्यात काय लिहायचं याला कुठलंही सरकार हात लावणार नाही. मदतीला जुने सोबती आले. पॉल स्ट्रीटन, फ्रान्सिस स्ट्युअर्ट, मेघनाद देसाई, आणि अर्थातच अमर्त्य सेन.

सेन यांचा एका आकड्याला विरोध होता. माणसाचं जगणं इतकं गुंतागुंतीचं, ते एका संख्येत कोंबणं म्हणजे अडाणीपणा, असं त्यांना वाटे. अभ्यासक म्हणून त्यांचं खरंच होतं. महबूब साहेबांचं म्हणणं व्यवहारातलं. जीडीपी हासुद्धा अडाणी आकडाच आहे. पण मंत्री, पत्रकार, सामान्य माणूस एकच आकडा बघतो. शंभर तक्ते छापले तर लोक मान डोलावतील आणि पुन्हा जीडीपीकडेच वळतील. तेव्हा त्याच्याइतकाच साधा, पण माणसाकडे पाठ न फिरवणारा दुसरा आकडा हवा. अखेर सेन राजी झाले, आणि तो आकडा बांधायला मदतही केली.

आकडा तीन गोष्टींचा बनला. माणूस सरासरी किती वर्षं जगतो. किती लोकांना लिहिता-वाचता येतं (पुढच्या वर्षी त्यात शाळेत काढलेली वर्षंही धरली). आणि उत्पन्न. उत्पन्न काढून टाकलं नाही हे लक्षात घ्या. फक्त त्याला जसंच्या तसं मोजलं नाही. पोट भरायच्या पातळीवरचा हजार रुपया आणि कोट्यधीशाच्या खात्यातला हजार रुपया सारखा नसतो. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकऱ्याच्या घरात हजार रुपये आले तर महिन्याचं धान्य येतं; मलबार हिलवर त्याचं काय होणार? म्हणून जसजशी कमाई वाढते तसतसं तिचं वजन कमी धरायचं, असं गणित त्यात आहे. तिन्ही मिळून शून्य ते एक यांच्यामध्ये कुठेतरी तो देश उभा राहतो.

पहिला अहवाल १९९० मध्ये आला. १३० देशांची यादी होती. त्यातली एक जोडी तर आपल्या लोकांनी मुद्दाम बघावी अशी. श्रीलंकेत दरडोई उत्पन्न वर्षाला ४०० डॉलर, आयुर्मान ७१ वर्षं, साक्षरता ८७ टक्के. सौदी अरेबियात उत्पन्न ६,२०० डॉलर, आयुर्मान ६४ वर्षं, साक्षरता ५५ टक्के. पंधरापट पैसा, पण आयुष्य सात वर्षांनी कमी! कोकणातून, भिवंडी-पडघ्यातून आपली माणसं ज्या देशांत कमवायला जात होती त्यांचं हे चित्र. सौदीने पुढे शिक्षणावर आणि दवाखान्यांवर पुष्कळ खर्च केला, तिथलं चित्र बदललं, हेही सांगायला हवं. पण १९९० मध्ये तेलाचा पैसा आणि माणसाचं जगणं यांतलं अंतर एका ओळीत दिसलं ते ह्या यादीमुळे.

हे वाचताना आम्हाला इमाम गज़ाली आठवतात. शरीयतचे हेतू सांगताना त्यांनी पाच गोष्टींचं रक्षण सांगितलं. दीन, जीव, अक्कल, वंश आणि माल. यांतला माल बहुतेक वेळा शेवटी येतो. जीव म्हणजे आयुष्य, अक्कल म्हणजे शिक्षण, माल म्हणजे उत्पन्न. महबूब साहेबांनी ही यादी पुढ्यात ठेवून निर्देशांक केला असं आम्ही म्हणणार नाही, तसा दावा करणं बरोबर होणार नाही. ते आधुनिक अर्थशास्त्राच्या भाषेत बोलत होते. तरी मदरशात ही पाच नावं पाठ केलेल्या मुलाला हा निर्देशांक परका वाटायचं कारण नाही, एवढं नक्की. गज़ालींच्या इंतेकालाला १९९० मध्ये ८७९ वर्षं झाली होती.

१९९५ च्या अहवालात महबूब साहेबांनी बायकांच्या बिनपगारी कामाला हात घातला. जगात मोजणीबाहेर राहिलेल्या कामाची किंमत त्यांच्या चमूने १६ लाख कोटी डॉलर काढली आणि त्यातला ११ लाख कोटींचा वाटा बायकांचा दाखवला. डोळखांबच्या बाईचा हंडा कुठल्यातरी वहीत चढला तो असा, न्यूयॉर्कमध्ये.

सरासरीच्या आतलं शहापूर

आता ठाण्याकडे वळू. मानव विकासाचे अहवाल देशांपुरते न राहता राज्यांपर्यंत उतरले. भारतात पहिला मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये काढला, महाराष्ट्राचा पहिला २००२ मध्ये आला. ०.८०० चा आकडा ज्या ठाण्याचा, ते पालघर वेगळं होण्याआधीचं जुनं ठाणं. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर. त्यात शहापूर तालुका तीन लाखांच्या थोडा वर आणि मुरबाड दोन लाखांच्या आत. दोन्ही मिळून पाच लाख. शंभर माणसांत पाचसुद्धा नाहीत.

एक ढोबळ हिशेब करून बघा. समजा शंभरातल्या पंच्याण्णव जणांचा आकडा ०.८२ आहे आणि उरलेल्या पाच जणांचा ०.४२, म्हणजे निम्माच. सगळ्यांची सरासरी किती येते? ०.८०. पाच जण अर्ध्यावर जगतात आणि एकूण आकडा केसभर हलतो. ही उदाहरणाची मांडणी आहे, शहापूरचा खरा आकडा नव्हे. पण ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदरच्या गर्दीखाली मुरबाडची वाडी कशी दिसेनाशी होते, ते यात कळतं.

आणि शहापूरचं दुखणं तर त्याहून वेगळं. तानसा धरण शहापुरात, १८९२ पासूनचं. मोडकसागर तिथलंच. भातसा तिथलंच, मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मुंबई राज्याच्या यादीत पहिली, कारण तिथे आयुष्य लांब, शाळा जवळ, उत्पन्न मोठं, आणि नळाला पाणी. ते पाणी जिथून जातं त्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून हक्कासाठी अर्ज करतायत. तागाचं चलन पूर्वेचं आणि कारखाने पश्चिमेला, ह्या गोष्टीची इथे आठवण झाली तर नवल नाही. सगळंच सारखं आहे असं नाही, पण सरासरीची चलाखी तीच.

नवे रस्ते आले. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापुरातूनच जातो. जमिनीचे पैसे काही घरांत आले, गाड्या आल्या, बंगले उठले. तालुक्याचं उत्पन्न वाढलं असणार, वादच नाही. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या करून वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं मात्र अजून जातात, आणि पोरांची शाळा तिथेच सुटते. महबूब साहेबांच्या तीन खांबांत ही पोरं दुसऱ्या खांबातून निसटतात. मोठ्या रस्त्याने पहिला आणि तिसरा खांब वर जाईलही कदाचित, दुसरा आपोआप जाणार नाही.

सरकारला हे उशिरा का होईना उमगलं. २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू झालं ते १२ जिल्ह्यांपुरतं. २०११ मध्ये जिल्हा सोडून तालुका हे माप धरलं आणि १२५ तालुके निवडले. ती निळी एसटी ह्याच मिशनची. आपल्या समाजाच्या बाबतीतही नेमकं हेच घडलं. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुसलमानांची ५९.१ होती. त्यानंतर देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडून पैसा दिला गेला. पैसा जिल्ह्यात पोचला, पण अनेक ठिकाणी आपल्या मोहल्ल्यात पोचला नाही. म्हणून २०१३ मध्ये जिल्ह्याऐवजी ७१० तालुके-गट आणि शहरं हे माप ठरलं. माप जितकं लहान, तितकं लपायला कमी जागा.

इथे एक गोष्ट आपल्यालाच उद्देशून. ठाणे जिल्ह्यातले मुसलमान म्हटलं की डोळ्यांपुढे भिवंडी आणि मुंब्रा येतं. आपल्या संस्था, शाळा, दवाखाने, पुरस्कार, सगळं तिकडे. शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांत आणि आसपासच्या गावांत राहणारी आपली घरं त्या गर्दीत दिसत नाहीत. म्हणजे सरकारच्या सरासरीत आपण हरवतो, आणि आपल्याच सरासरीत हे भाऊबंद हरवतात. शेजारच्या कातकरी वाडीचं तर विचारूच नका, ती दोन्ही वह्यांच्या बाहेर.

शेवटची वर्षं

१९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रं सोडून महबूब साहेब पाकिस्तानात परतले आणि दक्षिण आशियासाठी मानव विकास केंद्र काढलं. १९९७ मध्ये केंद्राचा पहिला अहवाल आला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका सगळ्यांचं दुःख एकाच पुस्तकात. एवढी माणसं, एवढी हुशारी, आणि निरक्षरता, कुपोषण जगात सर्वात जास्त इथे. दोन्ही देश शस्त्रांवर जे उधळतात त्यातून किती शाळा आणि नळयोजना होतील याची गणितं ते मांडत राहिले. ऐकणारे थोडे होते.

मे १९९८ मध्ये आधी पोखरणला भारताने आणि मग चगाईला पाकिस्तानने अणुस्फोट केले. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. पाकिस्तानच्या पहिल्या स्फोटाला सात आठवडे झाले त्या दिवशी, १६ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये महबूब साहेब गेले. वय ६४. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, अमर्त्य सेन यांना नोबेल जाहीर झालं. लाहोरचं केंद्र खदीजा यांनी पुढे चालवलं. त्याला आता महबूब उल हक यांचं नाव आहे.

निर्देशांकातली मोठी उणीव म्हणजे तो स्वतःही सरासरीच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. विषमता धरून काढलेला निर्देशांक संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये आणला. तो बघायला ते नव्हते.

शहापूर आणि मुरबाडसाठी असा हिशेब करायला लागणारा कच्चा माल गावातच पडलेला असतो. अंगणवाडीत मुलांच्या वजनाचं रजिस्टर आहे आणि त्याचा अहवाल दर महिन्याला वर जातो. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद आहे. शाळेत हजेरीपट आहे, त्यात दिवाळीनंतर कुणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागली ते स्वच्छ दिसतं. टँकरच्या फेऱ्यांची नोंद पंचायत समितीत आहे. ग्रामसभेत हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्या जमातीच्या वहीत घरटी वर्गणी लिहिलेली असते, कुणी दिली, कुणाची बाकी आहे. त्याच पानावर घरातली कुठली मुलगी दहावीनंतर घरी बसली आणि का, एवढा एक रकाना जास्तीचा आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरते.